बाग पाहायला आलेली माणसं

कुणी "चला, बाग पाहायला जाऊ" म्हटलं की माझ्या पोटात ढवळून येतं. घरच्यांना वाटतं, म्हातारीला गाडी लागते. गाडी मला कधीच लागली नाही; धारणीच्या वाटेवरच्या वळणांतसुद्धा मी एसटीच्या खिडकीशी बसून चिवडा खाल्लेला आहे. मला लागतात ते हे शब्द. मध्यंतरी माझा भाचा पंकज, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, अमरावतीला आमच्याकडे आला. मोबाइल पुढे करून म्हणाला, "आत्या, आता तं चाल. आपली बाग पाह्यले लोकं नागपूरहून येऊन राहिले." फोटोत फाटकाच्या वर माझ्या वडिलांचा, बाबूजींचा, फेट्यातला चेहरा दारापेक्षा मोठा करून लावलेला होता आणि खाली लिहिलं होतं, 'बाबूजींची बाग, कृषी पर्यटन केंद्र'. तो चेहरा पाहून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. पंकजला त्याचं कारण माहीत असायचं कारण नाही. त्याचा बाप तेव्हा हौदाच्या काठावर नागडा खेळत होता. बाकी ज्यांना माहीत होतं त्यांतली मी आणि माझी मोठी बहीण, एवढ्याच उरलो आहोत. तिला लिहायचा कंटाळा आहे, म्हणून मी लिहिते.

आकोटहून तेल्हाऱ्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचा मळा होता. मागे आणि एका बाजूने फाटकापर्यंत संत्र्याची झाडं, मधे घर, घराशेजारी विहीर आणि हौद, आणि पुढे, जिथे कुणाही शहाण्या माणसाने मिरची लावली असती तिथे, बाबूजींनी फुलबाग केली. चिखलदऱ्याला कुठल्याशा बंगल्यापुढची हिरवळ आणि गुलाबाचे वाफे त्यांनी पाहिले आणि ते त्यांच्या डोक्यात बसले. गुलाब आले, शेवंती आली, विटांचे तिरपे कंगोरे लावलेल्या पायवाटा आल्या. मधोमध सिमेंटचा एक बगळा उभा राहिला. विहिरीवरचं ऑइल इंजिन सुरू झालं की त्या बगळ्याच्या चोचीतून पाणी पडायचं. सारखं नाही, थांबून थांबून, पोट बिघडलेल्या माणसासारखं. इंजिनाची टुकटुक आणि बगळ्याचं ते ओकणं ऐकतच आम्ही मोठे झालो. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "सुरू झाला पाहा मुडदा."

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज बाबूजींचं कौतुकच लिहिलं असतं. पण फुलं एकट्याने पाहून त्यांचं मन भरेना. आमच्याकडचे बागाईतदार बागेला काटेरी कुंपण घालतात, कुत्रा बांधतात. बाबूजींनी संत्र्याचा हंगाम लागला की दर रविवारी फाटक उघडं टाकायला सुरुवात केली. ज्याला यायचं त्याने यावं, बाग पाहावी, माठातलं पाणी प्यावं, जाताना एक संत्रं घेऊन जावं. मोबदल्यात बाबूजींना एकच गोष्ट हवी असायची. बंगईवर, म्हणजे ओसरीतल्या झोपाळ्यावर, ते धुतलेलं धोतर नेसून बसायचे आणि येणारा जाणारा "वा बाबूजी, काय बाग हाये!" म्हणाला की पायाने हलकेच झोका घ्यायचे. दिवसभर झोके चालायचे.

आणि लोक यायचे, बाई! बैलगाड्या भरून यायचे, ट्रॅक्टरवर यायचे. सोबत गोवऱ्या आणि कणीक घेऊन यायचे, झाडाखाली गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी रटरटवायचे. रोडग्याच्या त्या खरपूस वासाने कुणाचंही मन हललं असतं, माझंही हलायचं, पण मागाहून काय येणार हे मला ठाऊक होतं. खरकट्या पत्रावळी शेवंतीत खोचून जायचे. संत्र्याचा चोथा चघळून पायवाटेवर थुंकायचे. बगळ्याच्या पांढऱ्या अंगावर पानाच्या पिचकाऱ्या मारायचे. चांगल्या घरच्या बायका गुलाब तोडून पदराखाली घालायच्या आणि आईने पाहिलं तर हसून म्हणायच्या, "देवाले नेलं बाई." बोगनवेलीच्या मागे काय चालायचं ते मी लिहीत नाही, सोमवारी सकाळी राख आणि फडा घेऊन तिकडे आईच जायची. आंबलेली सालं, विझलेल्या गोवऱ्या आणि मुताचा तो एकत्र वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. आजही चारचौघांत कुणी संत्रं सोलून बिया हातावर थुंकल्या की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. सुना म्हणतात, आईंना फार किळस. आहेच मला किळस. ती मी कष्टाने कमावलेली आहे.

बाबूजी या सगळ्याकडे हसून पाहायचे. "पाहुने हायेत," एवढंच म्हणायचे. फक्त एका गोष्टीला त्यांची माफी नव्हती. संत्रं पिकलं की नाही पाहायला लोक झाडावरच्या फळाला नख लावतात. नख लागलेलं फळ तिथूनच सडायला लागतं. बाबूजींनी फाटकावर पाटी लावली होती, 'फळांना नख लावू नये', आणि कुणी लावलंच तर हा गोड बोलणारा माणूस बंगईवरून ताडकन उठून असा ओरडायचा, की विहिरीवरचे पारवे उडून जायचे. मग धोतराच्या सोग्याने ते फळ पुसायचे, उजेडात धरून पाहायचे. स्वतःच्या लेकरांना त्यांनी असं कधी पुसलेलं मला आठवत नाही.

आता ताईकडे येते. ताई माझ्याहून मोठी, निर्मला तिचं नाव. आमच्या पंचक्रोशीत मॅट्रिक झालेल्या मोजक्या पोरींतली एक. तिला अमरावतीला जाऊन मास्तरणीच्या ट्रेनिंगला बसायचं होतं. मावशी तिथे राहत होती, राहायची सोय होती. जेवताना ती विषय काढायची आणि बाबूजी ताटातल्या ठेच्याकडे पाहत म्हणायचे, "लगन झालं की नवऱ्याले इचार." तिचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यापाशी अडून बसलं होतं.

मुलगी पाहण्याची रीत आमच्याकडे तेव्हा कडक होती. मधल्या माणसाकरवी निरोप यायचा, दिवस ठरायचा, मुलाकडचे येऊन पोहे खाऊन जायचे आणि मग त्यांना हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागायचं. 'नाही' आलं की मुलीवर डाग, आणि फार ठिकाणी 'नाही' म्हणणाऱ्या मुलाकडच्यांचीही नाचक्की. आमच्या बागेने या लोकांना नामी पळवाट दिली. रविवारी यायचं, "बाग पाह्यले आलो" म्हणायचं, मुलगी डोळे भरून पाहायची, संत्री खायची आणि उत्तर न देता निघून जायचं. पाहिलीच नाही तर नाकारायची कशी? बाबूजींनाही ते सोयीचं वाटलं. नकाराचा अपमान नको. मग दर रविवारी ताईला नवं पातळ नेसवून, हातात पाण्याचा गडवा देऊन गुलाबाच्या वाफ्यांमधून फिरवायला सुरुवात झाली. ती पाणी द्यायची आणि बायका पाणी पिता पिता तिच्या पायाची बोटं पाहायच्या. "खोट नाही ना हो पायात?" "रंग जरा उन्हानं गेला असन." तिच्या समोर बोलायच्या, शेवंतीबद्दल बोलावं तशा. पुरुष काही बोलत नसत, नुसतेच बघत आणि सालं टाकत. संध्याकाळी ताई हौदावर जाऊन पाय खसखसून धुवायची. मी विचारलं तर म्हणाली, "लोकायचे डोये चिकटले हायेत." लोकांना आजकालच्या मुलींचे फोटो मोबाइलवर बोटाने सरकवताना मी पाहते, तेव्हा वाटतं, निदान त्या मुलींना पाण्याचा गडवा तरी धरावा लागत नाही.

असे रविवार दोन हंगाम चालले. मग रामकृष्णमामा, आईचा भाऊ, अकोल्याहून एक मोठं स्थळ घेऊन आला. अकोल्यातले वकील, स्वतःची जीप, मुलगाही वकिलीच शिकतोय. "येत्या रविवारी बाग पाह्यले येतो म्हनतात," मामा डोळा बारीक करून म्हणाला. "यावेळेस मात्र घरात बसवा, भाऊजी. मान्सं तोलामोलाची हायेत." घरात धावपळ उडाली. तेल्हाऱ्याहून आत्या आली. ही बाबूजींची बहीण, अंगाने थोराड, आवाजाने त्याहून. तिने येताच सगळं हातात घेतलं. आलू घालून पोहे, पातोड्यांची रस्सा भाजी, बेसनाचे लाडू. ओसरीत गादी घातली, बगळ्याला साबणाने घासून काढलं.

रविवारी ऊन चढायच्या आत फाटकाशी जीप थांबली. म्हातारासा टोपीवाला गृहस्थ, त्याची बायको आणि एक तरुण उतरले. मामा वकिलांकडच्यांना घ्यायला आकोटच्या नाक्यावर जाऊन उभा होता, पण मामा सोबत नाही याचा विचार कुणी केला नाही. जीप आली, म्हणजे वकीलच आले. आमच्याकडे दुसरं कोण जीपने येणार? बाबूजी हात जोडत धावले, "या, या! घरात या!" ते गृहस्थ म्हणाले, "नाही, आम्ही आपले बाग..." "बाग कुठं पयून जाते? पयले चहापानी!" पाहुण्याला दोनदा 'नको' म्हणू द्यायचं आणि तिसऱ्यांदा हाताला धरून बसवायचं, ही आमची रीत. त्यांना हाताला धरून बसवलं.

मग जे झालं ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. पोहे झाले, ताई आली, वाकून नमस्कार केला. आत्या म्हणाली, "चालून दाखव." ताई चालली. "पेपर वाच." ताईने बातमी वाचली, कापसाच्या भावाची. पाहुणीबाई गोंधळून नवऱ्याकडे बघत होत्या. ती नापसंती समजून आत्याला जोर चढला. ती उठली, पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि ताईची हनुवटी धरून तिचा गाल खसाखसा पुसला. "पाहा, बाई, पावडरचा कनबी नाही! अस्सल रंग हाये!" ते ओलं टोक तिने त्या बाईंच्या नाकासमोर धरलं. मग ताईला पाठमोरी फिरवून तिची वेणी सोडली. केस कमरेखाली आले. "गंगावन नाही, वढून पाहा पाह्यजे तं." आणि स्वतःच ओढून दाखवले. ताईची मान मागे झाली. आत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आईने तोंडावर हात धरला. मला मळमळायला लागलं ते तेव्हापासून.

आणि बाबूजी? बाबूजी बंगईवर बसून हसत होते. तेवढ्यात त्यांची नजर बाहेर गेली. संत्र्याच्या पहिल्याच झाडापाशी एक जाडजूड बाई उभी होती, सोबत काळ्या कोटातला नवरा आणि एक पोरगा, आणि ती बाई एकामागून एक फळांना नख लावून हुंगत होती. बाबूजी उठले. तिथूनच गरजले, "ए बाई! नख कावून लावून राहिली व? पाटी वाचता येत नाही का? निंघ माह्या बागेतून!" ते लोक आधी जागीच थिजले, मग तरातरा फाटकाबाहेर गेले. बाबूजी धापा टाकत परत बसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "काय करावं, फुकटे लोकं येतात." मागे ताई केस मोकळे, एक गाल लालबुंद, तशीच उभी होती.

पाहुणीबाईंना आता राहवेना. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, काहीतरी चूक होते आहे. हे धारणीला जंगलखात्यात होते. आम्ही गुलाबाचं कलम मागायला आलो होतो. आणि हा आमचा मुलगा, याचं लग्न झालं आहे. सूनबाई माहेरी गेली आहे." बाहेर बगळा थांबून थांबून ओकत होता. त्या बाई उठल्या, ताईचे केस दोन्ही हातांनी गोळा करून त्यांनी सैल गाठ मारली आणि म्हणाल्या, "आत जा, बाळ." त्या घरात त्या दिवशी ताईला माणसासारखं वागवणारी ती एकच बाई, आणि तीही परकी.

इतक्यात मामा घामाघूम होऊन आला. "भाऊजी, काय केलं तुमी? अकोल्याच्या वकिलीनबाईले हाकललं! त्यायची जीप नादुरुस्त झाली म्हून बिचारे यष्टीनं आले, नाक्यावर माही चुकामूक झाली. आता रस्त्यावर उभे राहून शिव्या देऊन राहिले!"

आत्याने कपाळावर हात मारला, "पोट्टीचं नशीबच फुटकं!" म्हणजे जीप ताईने बिघडवली, नाव ताईने विचारलं नाही आणि ओरडलीही ताईच! मी चिडून काही बोलणार होते, पण ताईच बोलली. आवाज चढवला नाही. "बाबूजी, त्या बाईनं संत्र्याले नख लावलं तं तुमी गावभर ऐकू जाईन असं बोंबलले. माह्या गालाचं सालटं काढलं, तं बसून हासले. मले आता सांगा, तुमच्या बागेत मी कोन हावो?" बाबूजींनी झोका घेतला नाही. उठून ते त्या जंगलखात्यातल्या लोकांना गुलाबाचं कलम काढून द्यायला गेले. जाताना त्यांनी पहिल्या झाडापाशी थांबून नख लागलेली फळं तोडून घेतली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वडील म्हणून त्यांच्याबद्दल मला जे वाटायचं ते मी तिथेच ठेवून आले.

पुढच्या रविवारी सकाळी फाटकाला कुलूप होतं. आईच्या धान्याच्या कोठीचं, पितळेचं, नारळाएवढं कुलूप. आत फाटकाला पाठ लावून ताई जुन्या लुगड्यात बसली होती. बाहेर बैलगाड्या थांबल्या. माणसं ओरडू लागली, "अवो, खोला ना! बाग पाह्यले आलो!" ताई म्हणाली, "बाग नाही आता. इथं मान्सं राह्यतात." बाबूजी आले. आधी दरडावून पाहिलं, मग बाहेरच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. ताई म्हणाली, "खोलतो. पन मंग मी बी त्याच फाटकातून भाईर जाईन, अमरावतीले. ते कबूल असन तं सांगा." बाबूजी वळून घराकडे आले. आई उघड्या कोठीच्या उंबऱ्यात गहू निवडत बसली होती. "किल्ली दे," ते म्हणाले. आईने सूप खाली ठेवलं नाही. "कोठीची किल्ली हाये. कोठीलेच लागते." जन्मात पहिल्यांदा आई त्यांना असं काही बोलली. फाटकाच्या गजांतून गाव बघत होतं, आणि बायको-लेकीशी भांडताना दिसणं बाबूजींना परवडणारं नव्हतं. शेवटी ते फाटकाशी गेले आणि लोकांना म्हणाले, "फवारनी झाली हाये. जहाल औषध हाये. आज बाग बंद." लोकांनी लगेच नाकाला पदर आणि रुमाल लावले. काही जण म्हणाले, वास येतोच आहे.

ती फवारणी हंगामभर चालली. बाबूजींनी होकार कधी दिला नाही, पण किल्ली आईपाशी होती; उन्हाळा सरला तशी ताई लोखंडी पेटी घेऊन अमरावतीच्या एसटीत बसली. बाबूजी बंगईवर बसून राहिले, आई रस्त्यापर्यंत आली. ताई पुढे शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली. लग्न तिने बऱ्याच उशिरा, स्वतः बोलून केलं. बागेत ती परत आली ती बाबूजी गेले तेव्हा, आणि तीही मागच्या वाटेने.

तर पंकजने मला 'बाग पाह्यले चाल' म्हटलं, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. पण ताईने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "जाऊ ना. पाहू काय करून ठेवलं पोट्ट्यानं." मी चकित झाले. गेलो. फाटकाशी तिकिटाची खिडकी, आत प्लॅस्टिकच्या फुलांची कमान, सेल्फीसाठी टांगलेला झोका. झोक्यावर लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढून घेत होतं आणि फोटोवाला त्या मुलीला सांगत होता, "मॅडम, जरा मान मागे." थाळीत रोडगे होते, गॅसवर भाजलेले. खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या शेवंतीत खोचलेल्या, पत्रावळींच्या जागी. बगळा अजून उभा होता, त्याला निळा रंग दिला होता आणि त्याच्याखाली लघवीचा वास येत होता.

कमानीखाली पंकजची मुलगी श्रावणी उभी होती. कॉलेजात शिकणारी पोर, नऊवारी नेसवलेली, नथ घातलेली, हातात कुंकवाचं तबक. येणाऱ्या प्रत्येकाला तिने टिळा लावायचा. एका घोळक्यातल्या माणसाने टिळा लावून घेता घेता तिचं मनगट धरून ठेवलं आणि दुसऱ्याने फोटो काढला. "पब्लिकले आवडते, आत्या," पंकज अभिमानाने म्हणाला. "श्रावणीमुळं रिव्ह्यू चांगले येऊन राहिले." ताईने श्रावणीला विचारलं, "तुले आवडते का व?" पोरीने आधी बापाकडे पाहिलं, मग खाली तबकाकडे. "परीक्षा हाये, आजी. पन पप्पा म्हनतात रविवारचं..."

ताईने तिच्या हातातलं तबक घेऊन बाजूच्या खुर्चीवर ठेवलं. मग पंकजकडे वळली. पुरी वाकली आहे आता ती, काठीशिवाय चालवत नाही, पण आवाज अजून वर्गातला आहे.

"पंकज, फाटकाचं कुलूप कुठं ठेवतं रे तू?"

"काउंटरच्या खाली," तो हसत म्हणाला. "कावून, आत्या?"

ताई काठी टेकत काउंटरकडे निघाली.